चार तास गप

माझ्या पडवीचं कौल फोडून एक लोखंडी काठी आत आली तेव्हा मी सुपात तांदूळ घेऊन बसले होते. काठी आधी वाशावर आपटली, मग लोणच्याच्या बरणीला चाटून गेली आणि माझ्या पायांशी येऊन पडली. एका टोकाला काळं रबर, दुसऱ्या टोकाला वाकडं, चपटं पातं. हे कसलं अवजार ते मला काही केल्या कळेना. तेवढ्यात गडग्यापलीकडून आवाज आला, "बाई, लागला काय खंय? नाय मां? मगे ती काठी वायच हय टाका!"

कौल फुटल्याचं एका शब्दाने नाही. मी काठी घेऊन तणतणत बाहेर आले. पलीकडच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, धुरी सर उभे होते, कंबर वळलेली, दोन्ही हात हवेत उघडे, आणि काठी गेली त्या दिशेला मान उंचावून पाहत होते. चेहऱ्यावर लाज वगैरे काही नव्हती. उलट एखाद्या मुलाची उडी नियमाला धरून झाली की नाही, हे तपासत असल्यासारखी नजर होती.

प्रभाकर धुरी आमच्या हायस्कुलात पीटी शिकवायचे आणि मी गणित. दोघं आगेमागे निवृत्त झालो. आमच्या दोन घरांमध्ये फक्त कमरेएवढा चिऱ्याचा गडगा. सर जाऊन आता दुसरा पावसाळा सरला. कोचीला, मुलाच्या घरी, झोपेतच गेले असं कळलं. झोपेत गेले हे ऐकून मला वाईट वाटायच्या आधी आश्चर्य वाटलं, कारण हा माणूस कधी स्वस्थ झोपत असेल यावरच माझा विश्वास नव्हता.

सर चहा चालत प्यायचे. पेपर खळ्यात फेऱ्या मारत वाचायचे, त्यामुळे वाऱ्याने पान उलटलं की पेपरवरच ओरडायचे. स्टाफरूममध्ये त्यांच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर आम्ही वह्यांचे गठ्ठे ठेवत असू, इतकी ती मोकळी. आणि नुसतं चालणं नाही, चालता चालता सांगणं. माडावर चढणाऱ्याला खालून सांगायचे, पाय खंय ठेव. एसटी मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला सांगायचे, चाक किती फिरव. सत्यनारायणाला भटजींनाही त्यांनी पळी कशी धरावी ते सांगितलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. आणि मेलं, सांगितलेलं बहुतेक वेळा बरोबरच असे. त्यामुळे तर जास्तच राग यायचा. मला ह्या माणसाचा वैताग यायचा. खरं सांगते, अजूनही कधी कधी येतो.

त्यांची बायको नलू माझी मैत्रीण. तिचं आयुष्य ह्या माणसाचं बोलणं गाळण्यात गेलं. सर पडवीतून गरजायचे, "त्या गाढवाक सांग, जेवचा आसात तर ये, नायतर उपाशी मर!" नलू आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन मुलाला म्हणायची, "बाबू, बाबा तुझी वाट बघतत रे जेवूक." बाबू आतून म्हणायचा, "तेंका सांग, माका भूक नाय, आनि तेंचा तोंडय बघूचा नाय." नलू परत पडवीत येऊन सांगायची, "येता हां तो, हात धुता." आणि दोघंही पानावर येऊन बसायचे. हे मी त्या घरात कितीदा पाहिलं. कोणी खोटं बोलतंय असं वाटायचंच नाही, इतक्या सहज ती हे करायची.

नलू गेली आणि मधली गाळणी गेली. बाबू तेव्हा परदेशी प्रवासी बोटीवर नोकरीला लागलेला. वर्षातून एकदा यायचा. आई गेल्यानंतर पहिल्यांदा आला तो महिन्याभराची रजा घेऊन, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन निघाला. कारण काय, तर अंघोळीचं पाणी. चुलीत लाकूड कसं सारावं हे सर त्याला सांगत होते. सांगता सांगता चुलीवरून गोष्ट शिस्तीवर गेली, शिस्तीवरून शाळेवर, आणि शाळेवरून त्या दिवसावर, जेव्हा सरांनी सगळ्या शाळेसमोर मैदानात स्वतःच्या मुलाच्या कानाखाली वाजवली होती. मी गडग्याशी उभी होते. बाबूच्या खांद्याला गोल्फच्या काठ्यांची एक लांब पिशवी होती, बोटीवरच्या कुणा म्हाताऱ्या प्रवाशाने खेळ सोडताना त्याला दिलेली. ती त्याने खाली ठेवली आणि बापाला म्हणाला, "ह्या खेळाक चार तास लागतत. चार तास दोघांनी वांगडा चलाचा, आनि कोण कोणाक कायएक सांगना नाय. म्हणान माका तो आवडता. तुमका ह्या जन्मात जमाचा नाय."

पिशवी तिथेच टाकून तो गेला. परत येईन असं काही म्हणाला नाही. सर खळ्यात उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून. कितीतरी वेळ त्यांनी फेरी मारली नाही, तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

तर त्या पिशवीतली ती काठी. बाबू गेल्यावर आठ-दहा दिवसांतच ती माझ्या कौलांतून आत आली. मी विचारलं, "सर, धरलेली काठी हातातून सुटते कशी?"

"पागाची सवय हो, बाई," ते म्हणाले आणि मला तिथल्या तिथे करून दाखवलं. पाग म्हणजे खाडीत फेकायचं गोल जाळं. सरांचं लहानपण खाडीच्या पाण्यात कमरेपर्यंत उभं राहून पाग टाकण्यात गेलेलं. त्यात अंग कमरेतून वळवायचं, खांदा मागून आणायचा, आणि अगदी शेवटी दोन्ही हात उघडायचे. नाही उघडले तर जाळ्याबरोबर माणूसही पाण्यात. गोल्फलाही अंग तसंच वळतं, खांदा तसाच येतो. "सगळा तसाच, बाई. फक्त शेवटाक सोडूचा नाय. आनि माझे हात शेवटाक सोडतत." हे सांगताना ते स्वतःच्या हातांकडे असं बघत होते, जणू हे हात कुठल्यातरी नाठाळ वर्गातले आहेत.

दुसरा कोणी असता तर आणखी काठ्या फेकून पाहिल्या असत्या. सरांनी काठ्या पिशवीत ठेवून दिल्या आणि कवायत आखली. पीटीचा माणूस. चेंडूला हातच लावायचा नाही, आधी हातांची जडलेली सवय मोडायची. खळ्यात त्यांनी फक्कीने पावलांच्या खुणा आखल्या, शाळेच्या मैदानात आखायचे तशा. कपाटाचा आरशाचा दरवाजा उचकटून पडवीत उभा केला. सकाळी उठून त्या खुणांवर पाय ठेवून उभे राहायचे आणि स्वतःलाच हुकूम सोडायचे, "पयले पाय. मगे हात. मगे डोळे." मी चुलीवरून ते ऐकायची. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे किंचित सैल, डाव्या हाताचा अंगठा उजव्या तळव्याखाली झाकलेला. पकड कशी, तर तापलेल्या पेजेची वाटी धरतात तशी, सांडायची नाही आणि आवळायचीही नाही. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी पेज पिताना वाटीकडे संशयाने बघू लागले.

फोनवर कुठल्याशा गोऱ्या मास्तराचे धडे असत. फोन कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्याने अडकवलेला. मास्तर इंग्रजीत शिकवायचा आणि सर त्याला मालवणीत सुधारायचे. "अरे मेल्या, तू सांगतंस एक आनि करतंस एक! मागे जा, परत दाखव!" आणि खरंच बोटाने त्याला मागे न्यायचे आणि परत करायला लावायचे. त्या मास्तराला आयुष्यात इतका कडक विद्यार्थी मिळाला नसेल.

काठी पिशवीत होती, पण हात मोकळे राहणार कसे? त्यांनी छत्री घेतली. मालवणच्या बाजारात, एसटीत, बँकेच्या रांगेत, जिथे उभे राहतील तिथे छत्री दोन पायांमध्ये टेकवलेली आणि तिच्या मुठीखाली दोन्ही हात त्या ठरलेल्या पकडीत. एकदा आमच्या वाडीतल्या एका घरी आम्ही समाचाराला गेलो होतो. घरातली बाई रडत होती, आम्ही सगळे माना खाली घालून बसलेलो. सर अर्थातच उभे. माझी नजर गेली तर छत्री कमरेच्या उंचीपर्यंत मागे गेलेली. डोळे मिटलेले, ओठ हलतायत, पयले पाय, मगे हात. मी त्यांच्या पायावर पाय दिला. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई, तुमी माझो पाय हलवलात. सगळा पयलेपासून करूचा लागला." ह्याला काय म्हणायचं?

पावसाळा सरला, सड्यावर गवत आलं, आणि सरांनी स्वतःला चेंडू मारायची परवानगी दिली. आमच्या गावावरचा सडा म्हणजे मैलभर उघडा कातळ. पावसानंतर चार दिवस हिरवा, मग पिवळा, मग पुन्हा काळा. सरांनी काथ्याचं पायपुसणं नेऊन टाकलं, त्यावर चेंडू ठेवला. पलीकडे चिऱ्याची बंद पडलेली खाण, पाण्याने भरलेली. पुष्कळ चेंडू त्या खाणीत गेले, काही कातळावर आपटून गुरांच्या अंगावर गेले. पण काठी मात्र हातातून सुटली नाही. एके संध्याकाळी मी काजूची झाडं बघायला वर गेले होते. सरांनी मारलेला चेंडू सरळ उठला, उंच गेला आणि खाणीच्या पलीकडे जाऊन पडला. काठी खांद्यावर, हात मिटलेले. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या वेळी मी टाळ्या वाजवल्या. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "टाळये नको. माझी मान आदी वर इली."

दर रविवारी बाबूचा फोन यायचा, आणि सर तो स्पीकरवर ठेवून फेऱ्या मारत बोलायचे. तो त्याने बंद केला नव्हता, एवढं त्याचं भलं. पण फोन म्हणजे काय, तो म्हणायचा जेवण झालं, सर सांगायचे जेवावं कसं. तो म्हणायचा सर्दी झाली, सर सांगायचे कशाने झाली, आणि त्यात त्याची चूक कोणती. मग फोन बंद. मी गडग्यापलीकडून ऐकत असे आणि माझाच जीव वरखाली होई. अशाच एका रविवारी बाबू म्हणाला की तो नाताळच्या आधी येतोय, आणि बाबा काठ्यांशी खेळतात असं त्याने वाडीतल्या कुणाकडून ऐकलंय. खरं असेल तर एक दिवस गोव्याला जाऊन खेळू. मग हळूच म्हणाला, "बघूया, कितके तास चलता ता."

त्यानंतरचे दिवस सरांनी आम्हाला कुणालाच सुखाने बसू दिलं नाही. त्यांच्या फेऱ्या वाढल्या. पहाटे माझ्या बोअरिंगच्या मोटरला आवाज कशाने येतो ते सांगून जायचे, दुपारी माझ्या कोंबड्यांना उभं राहायला शिकवायचे. मग एक दिवस गडग्यावर दोन्ही हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, पाय झाले, हात झाले, डोळे झाले."

मी म्हटलं, "आणि तोंड?"

ते म्हणाले, "तेच्यासाठीच इलंय. तुमी सड्यार येवा. तुमी मारा, चुकीचा मारा. मी बघतलंय आनि कायएक बोलूचंय नाय."

साठी उलटलेली बाई, पदर खोचून, सड्यावर काठी घेऊन उभी. गुरं राखणारे थांबून बघायला लागले. चुकीचं मारण्यासाठी मला काही कष्ट घ्यावे लागले नाहीत. पहिल्याच फटक्याला काठी चेंडूच्या वरून गेली आणि सर ओरडले, "डोक्या! डोक्या हलला तुमचा!" मग स्वतःच्याच तोंडावर हात. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतली शिट्टी आणली आणि दातांत धरली. दातांत शिट्टी असली की बोलता येत नाही, हा हिशोब. पण मी काठी उचलली की ते श्वास ओढायचे आणि मी चुकले की सोडायचे. त्यामुळे माझ्या प्रत्येक चुकीला शिट्टी वाजू लागली, पूर्वीपेक्षा दुप्पट मोठ्याने. तिसऱ्या दिवशी तोंडात अख्खी सुपारी. ती त्यांनी रागाच्या भरात गिळली. मी घाबरून त्यांची पाठ थोपटत होते आणि ते ठसकत ठसकत मला सांगत होते, की पाठ कशी थोपटावी.

"सर, माझ्याकडे बघूच नका ना," मी वैतागून म्हटलं.

"बघूक व्हया. बघान गप रवाचा. न बघता कोणय गप रवात."

पण त्यांनी सोडलं नाही. हे मला त्यांचं मान्य करावंच लागेल. रोज संध्याकाळी सडा, रोज मी चुकीची, रोज ते आधी चुकणार आणि मग स्वतःवर चिडून पुन्हा सुरुवात करणार. पाय, हात, डोळे, तोंड. हळूहळू ओरडण्याची कुजबुज झाली, कुजबुजीचे नुसते ओठ झाले. आणि एका संध्याकाळी माझे सगळे चेंडू संपेपर्यंत, एकाहून एक वेडेवाकडे, सरांच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. मी वळून पाहिलं तर त्यांच्या कपाळाची शीर टरारली होती आणि डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, जोर लावल्याने आलं असेल. मग धुरी सर, ज्यांना मी जेवणाचं पान सोडलं तर कधी बसलेलं पाहिलं नव्हतं, ते कातळावर खाली बसले.

"बाई," ते म्हणाले, "नलू ह्या रोज कसा करी होती?"

मी त्यांच्याशेजारी बसले. पदर अजून खोचलेला होता. खाली समुद्रावर होड्या परत येत होत्या. मला नलूची इतकी आठवण आली की मी तोंड फिरवून बसले.

उठताना त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. बाबूला ह्यातलं काही कळता कामा नये. "शिकान इल्यासारखा वाटता नये. माझो सभावच बदललो असा वाटूक व्हया."

बाबू आला. पहिले दोन दिवस गडग्यापलीकडून भांड्यांचा आवाज सोडून काही ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं भाड्याच्या गाडीतून गोव्याला निघाले. सर इस्त्रीची पँट घालून, टोपी डोक्यावर, काठ्यांची पिशवी मांडीवर. माझ्याकडे पाहून त्यांनी फक्त एक बोट ओठांवर ठेवलं.

त्या दिवशी माझं कशातच लक्ष नव्हतं. भात लागला. कोंबड्यांना दोनदा दाणे घातले. दर थोड्या वेळाने मी गडग्याशी जाऊन रस्ता बघत होते, जणू ते वाटेतूनच परत येणार होते. आता कुडाळ गेलं असेल, आता पोचले असतील, आता पहिला चेंडू. मनात मी एकेक भांडण लावत होते आणि सोडवत होते. बाबूने काठी चुकीची उचलली असेल, सर बोलले असतील, बाबू तिथूनच एअरपोर्टला गेला असेल. स्वतःचं पोर परीक्षेला बसलं असतं तरी मी इतकी तळमळले नसते. ही कसली शेजारधर्माची शिक्षा, म्हणून मी सरांना मनातल्या मनात शिव्याही घातल्या.

दिवेलागणीला गाडी आली. दोघंही उतरले. सर काही न बोलता घरात गेले. बाबू मात्र सरळ माझ्या पडवीत आला आणि पायरीवर बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

"बाई, एक विचारू? बाबा बरे आसत मां?"

"का रे?"

"चार तास एक शब्द बोलाक नाय. येक शब्द! पयले माका वाटला रागान गप आसत. पण राग नाय. मी चांगलो मारलंय तर मान हलवतत, वायट मारलंय तर जमनीकडे बघतत. मगे मी मुद्दाम मारलंय, बाई. मुद्दाम डोक्या हलवलंय, पाय वाकडे ठेवलंय. म्हटलंय आता बोलतले. आता तरी बोलतले. नाय. येताना गोव्याच्या हद्दीर, इन्सुलीक, नाक्यार पोलिसान पिशी उघडूक लावली, सगळ्यो काठ्यो रस्त्यार काढल्यान. बाबा थय गप उबे! पोलिसाक कायएक सांगाक नाय! तेवाच माका भीती वाटली." त्याने वर पाहिलं. एवढा मोठा, जग फिरलेला मुलगा, पण डोळे शाळेतल्यासारखे झाले होते. "तेंका काय झाला बिला नाय मां? डॉक्टर काय म्हणालो काय? माझ्यापासून लपवू नका."

मी वचन दिलं होतं. ते मी तिथल्या तिथे मोडलं, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. नलू असती तर तिने एवढं सांगायलाही वेळ लावला नसता.

"काय झालेलं नाही," मी म्हटलं. "तुझो बापूस गप रवण्याची कवायत करी होतो. माझ्यावांगडा. रोज, सड्यार. तू त्या दिवशी दारात म्हणालास ना, जमाचा नाय म्हणून." आणि मग मी त्याला सगळं सांगितलं. फक्कीच्या खुणा, छत्री, दोरीवरचा गोरा मास्तर, शिट्टी, गिळलेली सुपारी. शिट्टीशी आल्यावर तो हसायला लागला. कातळावर बसून सर नलूबद्दल काय म्हणाले, ते सांगितल्यावर त्याचं हसू थांबलं. तो गुडघ्यांत डोकं घालून बसून राहिला. मी चहा टाकला. चहा निवला तरी त्याने घेतला नाही.

थोड्या वेळाने उठला आणि म्हणाला, "मी वाट बघी होतंय, बाई. चार तास. कदी एकदा माझ्यार वराडतत म्हणान." एवढं बोलून तो गडगा ओलांडून घरी गेला. दाराने जायचं सोडून गडगाच का ओलांडला कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेणी थापत होते. वर सड्यावरून आवाज आला. अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा, शाळेच्या मैदानातला, कावळे उडवणारा.

"डोक्या! डोक्या हलला! किती वेळा सांगू, पयले पाय!"

आणि त्यामागोमाग बाबूचा, तितकाच मोठा, "आनि तुमचे हात बघा! तुमचे हात आदी सुधारा!"

मी शेणाचे हात तसेच घेऊन वर धावले. धाप लागली, तरी धावले. कडेला पोचले तेव्हा दोघंही एकाच वेळी बोलत होते, कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. सरांनी दाखवण्यासाठी काठी मागे नेली, कंबर वळली, खांदा आला, आणि शेवटी दोन्ही हात उघडले. काठी गरगरत वर गेली, उन्हात चमकली आणि सरळ चिऱ्याच्या खाणीतल्या पाण्यात पडली. इतक्या महिन्यांची कवायत, आणि हात पुन्हा पागावर गेले. सर उघड्या हातांनी उभे राहिले. बाबू कातळावर बसून पोट धरून हसत होता. सर त्याला सांगत होते, की हसताना श्वास कसा घ्यावा.

बाबू रजा संपेपर्यंत राहिला. भांडणं रोज व्हायची, जेवणही रोज व्हायचं. नंतर त्याने बोटीची नोकरी सोडली, कोचीला बंदरावर काम घेतलं आणि सरांना न्यायला आला. सर जाणार नाहीत अशी माझी खात्री होती. ते लगेच तयार झाले, आणि सामान कसं बांधावं हे सगळ्यांना सांगत सुटले. माझ्या पडवीचं ते फुटलेलं कौल, पावसाळाभर मी प्लास्टिक घालून भागवलेलं, मात्र त्यांनी जायच्या आदल्या दिवशी स्वतः वर चढून बदललं. मी खालून म्हटलं, "सर, पाय बघून ठेवा." त्यांनी वरून माझ्याकडे असं पाहिलं, की मीच हसले.

निघायच्या सकाळी गाडी आमच्या वळणावर हळू झाली. काचा बंद होत्या. बाबू गाडी चालवत होता. सर त्याच्या शेजारी, छत्री दोन गुडघ्यांमध्ये टेकवलेली, तिच्यावर दोन्ही हात, डावा अंगठा उजव्या तळव्याखाली झाकलेला. आणि तोंड चालू होतं. काय सांगत होते ते ऐकू आलं नाही, पण अधूनमधून डावा हात छत्रीवरून सुटून चाक किती फिरवायचं ते दाखवत होता. बाबू समोर बघत मान हलवत होता, नाही नाही अशी, आणि मध्येच काहीतरी उलट बोलत होता. मी गडग्याशी उभी राहून हात वर केला होता. दोघांपैकी एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला ते फार बरं वाटलं.